घरच्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आणि त्याची कार्यक्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघरातील खरकटे, भाज्यांची देठे-साले आणि शिळे अन्न यांवर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रांविषयी आमच्याकडे सतत जे प्रश्न येतात, त्यांतील मोजणी आणि देखरेख यांच्याशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, प्लास्टिकच्या एका टाकीत दुसरी टाकी उपडी बसवून जे सुटसुटीत संयंत्र तयार केले आणि ज्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, त्या धर्तीची संयंत्रे महाराष्ट्रात बरीच आहेत. म्हणून उदाहरणांत प्रामुख्याने तेच गृहीत धरले आहे. इतर प्रकारांसाठी प्रश्न ८ पाहावा.

१. गॅस रोज पेटतो आहे. मग कार्यक्षमता वेगळी मोजण्याची गरज काय?

गॅस पेटतो एवढ्यावरून संयंत्र जिवंत आहे इतकेच कळते. कार्यक्षमता हे गुणोत्तर आहे. किती कचरा घातला आणि त्यातून किती व कोणत्या प्रतीचा गॅस मिळाला, या दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय ते काढता येत नाही. ‘पूर्वी तासभर शेगडी चालायची, आता अर्धा तासच चालते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कचरा कधीच तोललेला नसतो. अशा वेळी संयंत्र बिघडले की घरातील माणसे कमी झाल्यामुळे खरकटेच निम्मे झाले, हे कोणालाही सांगता येत नाही. शिवाय टाकीतील बिघाड ज्योतीत दिसण्याच्या आधी काही दिवस आकड्यांत दिसू लागतो. नोंद ठेवण्याचा खरा लाभ तो आहे.

२. एक किलो ओल्या कचऱ्यापासून किती गॅस मिळायला हवा?

मिश्र स्वयंपाकघरी कचऱ्यासाठी, टाकीतील मिश्रणाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना, किलोमागे साधारण ८० ते १२० लिटर ही अपेक्षा रास्त आहे. तुलनेसाठी, ताज्या शेणापासून किलोमागे ३५ ते ४० लिटर मिळतात. गुरांच्या पोटात त्यातील सोपे अन्न आधीच पचलेले असते.

हा आकडा येतो कसा, ते पाहिल्यास पुढील बरेच प्रश्न सुटतात. ५ किलो कचऱ्यात पाणी वगळून सुमारे १ किलो घन पदार्थ असतो. त्यातील राख होणारा भाग सोडला तर ९०० ग्रॅमच्या आसपास पदार्थ जिवाणूंच्या उपयोगाचा उरतो. साध्या घरगुती संयंत्रात अशा एका किलो पदार्थापासून अर्धा घनमीटर बायोगॅस मिळाला तर ते काम चांगले म्हणावे. म्हणजे ४५० लिटर, किंवा ओल्या कचऱ्याच्या किलोमागे ९० लिटर. आता तुमच्या कचऱ्यात कलिंगडाची साले आणि काकडीच अधिक असेल तर त्यात घन पदार्थ ५ ते १० टक्केच असतो, आणि ३०-४० लिटर मिळाले तरी संयंत्राचा काही दोष नाही. उलट शिळी पोळी आणि भात असेल तर किलोमागे २०० लिटरच्या पुढेही आकडा जाऊ शकतो. ‘किलोमागे इतके’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर आधी कोणत्या कचऱ्याचे, ते विचारावे.

३. महिन्याला किती सिलिंडर वाचेल?

चौघांच्या घरात दिवसाला दोन किलोच्या आसपास ओला कचरा निघत असेल तर रोज सुमारे १८० लिटर गॅस मिळेल. मध्यम आकाराचा बायोगॅस बर्नर तासाला साधारण ४५० लिटर गॅस खातो, म्हणजे शेगडी जेमतेम २४ मिनिटे चालेल. उष्णतेच्या हिशेबाने १४.२ किलोच्या सिलिंडरची बरोबरी करायला सुमारे ३० घनमीटर बायोगॅस लागतो. बायोगॅसच्या शेगडीत उष्णता थोडी अधिक वाया जाते हे धरले तर ३५ घनमीटरच्या आसपास. या घराची महिन्याची निर्मिती साडेपाच घनमीटरपेक्षा कमी आहे, म्हणजे सिलिंडरचा सहावा भाग. सिलिंडर कायमचा बंद होईल अशी समजूत करून घेऊन संयंत्र बसवणाऱ्यांचा हिरमोड येथेच होतो, आणि मग दोष संयंत्राच्या माथी येतो.

४. मोजणीसाठी कोणती साधने घ्यावीत?

प्रवासाच्या बॅगा तोलायचा अडकवण्याचा काटा, शिंप्याची मोजपट्टी, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तपासण्याच्या कागदी पट्ट्या, दोरीला बांधून सोडता येईल असा १०० अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर आणि एक वही. गॅसमापक किंवा इलेक्ट्रॉनिक साधने याच्यानंतर येतात. त्यांच्याविषयी प्रश्न ८ आणि १८ पाहावेत.

५. तरंगत्या टाकीतला गॅस लिटरमध्ये कसा मोजायचा?

वरच्या उपड्या टाकीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला १२.५७ ने भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १००० ने भागावे. टाकी एक सेंटिमीटर वर आली म्हणजे किती लिटर गॅस जमला, तो हा आकडा. घेर २८३ सेंटिमीटर असेल (म्हणजे व्यास ९०) तर उत्तर सुमारे ६.४ लिटर येते. टाकीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि बाहेरच्या टाकीचा काठ ही वाचनाची रेषा धरावी. टाकी कलून तरंगत असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी घ्यावी.

दिवसाची निर्मिती काढताना टाकी जितकी वर चढली तेवढीच मोजायची असते, कारण उतरलेला भाग म्हणजे वापर. उदाहरणादाखल वहीतले एक पान असे दिसेल: रात्री शेगडी बंद केली तेव्हा टाकी १४ सेंटिमीटरवर, सकाळी पेटवण्यापूर्वी ५२ वर, चहा आणि कुकर झाल्यावर ३१ वर, संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी ५० वर आणि रात्री पुन्हा १४ वर. चढ झाली ३८ अधिक १९, म्हणजे ५७ सेंटिमीटर, म्हणजेच ३६५ लिटर. आदल्या दिवशी ४ किलो कचरा घातला असेल तर किलोमागे ९१ लिटर. शेगडी चालू असतानाही थोडा गॅस तयार होत असतो. तो या हिशेबात येत नाही, पण रोजच्या तुलनेसाठी त्याने फरक पडत नाही.

टाकी पूर्ण वर येऊन कडेने बुडबुडे सुटत असतील तर त्या दिवसाची नोंद निर्मिती म्हणून धरू नये. पुढे ‘भरून वाहिली’ असे लिहावे.

६. त्याच टाकीचे दुपारचे वाचन सकाळपेक्षा जास्त येते. दुपारी गॅस अधिक तयार होतो का?

त्यातला काही भाग केवळ भास असतो. गॅस २० अंशांवरून ३५ अंशांवर तापला की तो सुमारे ५ टक्के प्रसरण पावतो, आणि उष्ण गॅसमध्ये पाण्याची वाफही अधिक मावते. दोन्ही मिळून आकारमान आठ-नऊ टक्क्यांनी फुगते, आणि मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, मात्र तेवढाच राहतो. म्हणून महिन्यांची तुलना करायची असेल तर मुख्य वाचन नेहमी एकाच वेळी, शक्यतो ऊन टाकीवर येण्यापूर्वी घ्यावे. टाकीवर ठेवलेल्या वजनामुळे गॅस दाबला जाऊन वाचन चुकेल, ही शंका मात्र सोडून द्यावी. ९० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीवर एकूण ३० किलो भार असला तरी दाब पावणेपाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच येतो, आणि त्याने आकारमानात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही.

७. काल दुप्पट कचरा घातला, पण आज गॅस वाढला नाही. आणि काहीच घातले नाही तेव्हा मात्र मिळाला. असे का?

आजचा गॅस हा केवळ कालच्या कचऱ्याचा नसतो. भात, पोळी, उकडलेला बटाटा यांचा मोठा भाग एक-दोन दिवसांत पचतो. पालेभाज्यांची देठे आणि फळांच्या साली आठवडाभर घेतात, तर मक्याच्या कणसावरची सालपटे किंवा शेवग्याच्या शेंगांचे चोथे कित्येक आठवडे तसेच राहतात. म्हणून एका दिवसाचे गुणोत्तर जवळपास निरर्थक असते. गेल्या सात दिवसांतील एकूण गॅस भागिले त्याच सात दिवसांतील एकूण कचरा, असा आकडा रोज पुढे सरकवत न्यावा. संयंत्राविषयी मत बनवायचे ते या आकड्यावरून. तो सलग आठवडाभर १५-२० टक्क्यांहून अधिक घसरला तरच कारण शोधायला बसावे.

८. आमचे संयंत्र पक्क्या घुमटाचे किंवा फुग्याच्या पिशवीचे आहे. तेथे उंची दिसत नाही. मग?

तीन मार्ग आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त म्हणजे शेगडीच्या वेळेवरून मोजणे: बर्नरची तासाची खपत एकदा ठरवून घ्यावी (प्रश्न १० मधील पाण्याची चाचणी त्यासाठी चालते) आणि रोज किती मिनिटे पेटला ते लिहावे. घुमटात दाब बदलत राहतो, म्हणून नळीत पाणी भरून केलेला दाबमापक शेजारी हवा आणि कॉक नेहमी एकाच दाबाला आणून वापरायला हवा.

दुसरा मार्ग पडद्याच्या गॅसमापकाचा. घरगुती पाइप गॅससाठी येणारा सर्वांत लहान मापक तासाला १६ लिटरपासून अडीच घनमीटरपर्यंतचा प्रवाह मोजतो, त्यामुळे एका बर्नरसाठी तो पुरतो. त्याच्या आधी ओलावा गाळणारी बाटली आणि गंजक्या लोखंडाच्या किसाची नळी असणे आवश्यक आहे. नाहीतर हायड्रोजन सल्फाइड आतले भाग खाऊन टाकतो.

तिसरा मार्ग पक्क्या घुमटापुरता आहे. गॅस जमेल तशी राड (टाकीतले कचरा-पाण्याचे मिश्रण) निर्गम टाकीत, म्हणजे ती बाहेर पडते त्या टाकीत, वर चढते, आणि त्या टाकीचे क्षेत्रफळ माहीत असेल तर चढीवरून अंदाज काढता येतो. तो ढोबळ असतो, कारण आतला दाबही त्याच वेळी वाढत असतो.

९. गॅसमध्ये मिथेन किती टक्के आहे, हे घरी कळू शकते का?

कळू शकते, आणि चार-दोन टक्क्यांच्या अचूकतेने. यासाठी सुई नसलेली ६० मिलिलिटरची सिरिंज, मऊ नळीचा तुकडा आणि कॉस्टिक सोड्याचे दहा टक्क्यांचे द्रावण लागते. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम सोडा थोडाथोडा घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये.

सिरिंज गॅसने दोनदा भरून मोकळ्या हवेत रिकामी करावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग नेमका ३० मिलिलिटर गॅस ओढावा, त्यामागोमाग २० मिलिलिटर द्रावण ओढावे, नळी चिमटीने बंद करून मिनिटभर हलवावे आणि नळीचे टोक द्रावणात बुडवूनच उघडावे. कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्यामुळे द्रावण आत चढते. उरलेला गॅस १८ मिलिलिटर असेल तर मिथेन ६० टक्के. स्वयंपाकघरी कचऱ्यावर ५० ते ६५ टक्के ही नेहमीची मर्यादा आहे. ७५ टक्के आले तर आनंद मानण्यापूर्वी सिरिंजमध्ये हवा शिरली होती का ते पाहावे, कारण हवाही शोषली जात नाही आणि मिथेन म्हणून मोजली जाते.

शाळेतल्या चुन्याच्या निवळीने हे काम होत नाही. ती पांढरी होते, पण किती ते सांगत नाही.

१०. ज्योत निळी आहे. म्हणजे गॅस उत्तम आहे, असेच ना?

तसे नाही. ज्योतीचा रंग बर्नरमधील हवेच्या मिश्रणावर जास्त अवलंबून असतो. हवा कमी मिळाली तर चांगला गॅसही पिवळा जळतो, आणि दाब किंवा हवा जास्त झाली तर ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते. गॅस आणि शेगडी या दोघांची एकत्र परीक्षा घ्यायची असेल तर पाणी उकळून पाहावे.

झाकण घातलेल्या भांड्यात ५ लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यावे आणि तेवढ्यात टाकी किती उतरली ते मोजावे. मिथेन ६० टक्के आणि बर्नरची कार्यक्षमता ५५ टक्के असेल तर सुमारे १२५ लिटर गॅस लागतो. आपल्या उदाहरणातल्या टाकीची उतरण १९ ते २० सेंटिमीटर येईल. मिथेन ४५ टक्क्यांवर घसरला असेल तर तेच पाणी २६ सेंटिमीटर खाते. उतरण जास्त आली पण प्रश्न ९ मधील चाचणीत मिथेन चांगला निघाला, तर दोष शेगडीत आहे: सिलिंडरची शेगडी तशीच वापरली आहे, बर्नरची छिद्रे बुजली आहेत किंवा नळीत पाणी साचले आहे.

११. सामू किती असावा, आणि रोज तपासावा का?

६.८ ते ७.४ या दरम्यान असावा. नमुना निर्गम नळीतून आलेल्या ताज्या राडीचा घ्यावा, कचरा घालायच्या तोंडाचा नव्हे, कारण तेथे आंबलेले खरकटे असते आणि वाचन नेहमीच घाबरवणारे येते. आठवड्यातून दोनदा पुरे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सामू हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. राडीत आम्ल पचवून घेण्याची क्षमता असते, आणि ती संपेपर्यंत पट्टीचा रंग बदलत नाही. त्याआधीच मिथेनचे प्रमाण घसरू लागते, पृष्ठभागावर फेस येतो आणि शेणाच्या सौम्य वासाची जागा शिळ्या ताकासारखा आंबट वास घेतो. सर्वांत फसवी अवस्था ती, जेव्हा टाकी नेहमीपेक्षा जास्त वर येते आणि गॅस मात्र पेटत नाही. कचऱ्याचे आम्ल करणारे जिवाणू जोरात असतात, मिथेन करणारे मागे पडलेले असतात, आणि वाढलेला सगळा गॅस कार्बन डायऑक्साइड असतो. केवळ लिटर मोजणारा माणूस त्या दिवशी खूश असतो.

१२. टाकी आंबट झाली आहे. आता काय करावे?

कचरा घालणे ताबडतोब थांबवावे. बहुतेक वेळा चार-पाच दिवसांचा उपास पुरतो. बादलीभर ताजा शेणकाला, किंवा शेजारच्या चालू संयंत्रातील राड, विरजण म्हणून घालावी. सामू ६.५ च्या खाली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, हजार लिटरमागे एका वेळी पाव ते अर्धा किलो, असा घालावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. चुना टाळावा. बंद घुमटात तो कार्बन डायऑक्साइड झपाट्याने शोषतो, आत ओढ निर्माण होते आणि बाहेरची हवा शिरण्याचा धोका असतो. गाडी रुळावर आल्यावर नेहमीच्या एक-तृतीयांश कचऱ्यापासून सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यावे. मात्रा किती, तर साध्या टाकीसाठी हजार लिटर राडीमागे दिवसाला ४ ते ६ किलो ओला कचरा ही मर्यादा समजावी. त्यातही भात-पोळीचा भाग मोठा असेल तर दोन किलोंवर थांबावे.

१३. थंडीत गॅस निम्म्यावर येतो. गरम पाणी घातले तर फायदा होईल का?

मिथेन करणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. १५ अंशांखाली ते मंदावतात आणि १० अंशांखाली जवळजवळ थांबतात. हवेचे नव्हे, राडीचे तापमान मोजावे, कारण हजार लिटर पाणी हवेच्या मागून काही दिवसांनी थंड होते. पुण्या-नाशिकात डिसेंबरअखेर कमी झालेला गॅस फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही कमीच असेल तर नवल नाही.

गरम पाण्याचा हिशेब असा: २० अंशांच्या हजार लिटर राडीत ६० अंशांचे १० लिटर पाणी घातले तर तापमान फक्त ०.४ अंशाने वाढते. रात्रभरात त्याहून अधिक उष्णता बाहेर जाते. कोमट पाण्यामुळे नव्या कचऱ्याचा थंड झटका टळतो, एवढाच त्याचा उपयोग. टाकीला काळा रंग देणे, ती दिवसभर उन्हात राहील अशी ठेवणे आणि रात्री भोवती पेंढा किंवा थर्माकोल लावणे याने जास्त फरक पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या काळात कचरा कमी घालावा. न पचलेला कचरा साठून फेब्रुवारीत ऊन वाढताच सगळा एकदम आंबतो आणि प्रश्न ११ मधील स्थिती येते.

१४. कोणत्या गोष्टींनी कार्यक्षमता घसरते, पण लोकांच्या लक्षात येत नाही?

नारळाची शेंडी, आंब्याच्या कोयी, अंड्यांची टरफले आणि हाडे जागा अडवतात, हे सर्वांना ठाऊक असते. न दिसणारे शत्रू वेगळे आहेत. मोसंबी-संत्र्यांच्या सालींतील तेल जिवाणूंना मारक ठरते. उन्हाळ्यात रसवंती किंवा ज्यूसवाल्याकडची साले उत्साहाने आणून घालणाऱ्यांना याचा अनुभव येतो. खराब झालेली लोणची आणि पापडाचे पीठ यांतील मीठ हळूहळू साठते. भांडी घासलेले साबणाचे पाणी आणि प्रतिजैविके चालू असलेल्या जनावराचे शेण हेही टाळावे.

कोकण-गोव्यात मासळीचा प्रश्न वेगळा आहे. माशांचे आतडे-खवले, कोलंबीची साले यांत नत्र फार असते. थोडे असेल तर उत्तम गॅस मिळतो. रोजच्या कचऱ्यात त्याचे प्रमाण मोठे झाले की अमोनिया साठतो, सामू ८ च्या वर जातो आणि नाकाला झोंबणारा वास येतो. तेथे सोडा घालणे म्हणजे आगीत तेल. भाताची पेज, भाज्यांची साले असे पिठूळ पदार्थ वाढवून पाणी थोडे जास्त घालावे. चतुर्थी किंवा दिवाळीनंतर तळणीचे उरलेले तेल घालायचे असेल तर वाटीभरापेक्षा जास्त एका दिवसात नको. तेलात गॅस भरपूर आहे, पण त्याचा तवंग फेस आणतो.

१५. कचरा मिक्सरमधून काढावा का? वीज खर्च होईल त्याचे काय?

काढावा. ५०० वॉटचा मिक्सर तीन मिनिटे चालवला तर खर्च होणारी ऊर्जा सव्वाचार लिटर बायोगॅसएवढी असते, आणि बारीक केल्यामुळे मिळणारा गॅस याच्या कितीतरी पट असतो.

१६. सामू, तापमान, कचरा सगळे ठीक आहे, तरी हिशेबापेक्षा गॅस कमीच येतो. गळती कुठे शोधावी?

आधी नळ्या आणि सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. काडी ओढून कधीही तपासू नये, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर स्फोट होतो. त्यानंतर रात्री मुख्य कॉक बंद करून आणि एकदा उघडा ठेवून टाकीच्या चढीची तुलना करावी. फरक आला तर गळती कॉकच्या पुढे आहे.

तेथेही काही सापडले नाही तर दोष रचनेत आहे. उपड्या टाकीच्या संयंत्रात दोन टाक्यांमधल्या फटीखालून उठणारे बुडबुडे थेट हवेत जातात. बाहेरच्या टाकीचा व्यास १०४ आणि आतल्या टाकीचा ९० सेंटिमीटर असेल तर ही फट एकूण पृष्ठभागाच्या २५ टक्के भरते. दिसायला ती बोटभराहून थोडी जास्त, सात सेंटिमीटरची असते. म्हणजे संयंत्र चांगला गॅस करते, तुमच्या हाती मात्र त्यातला तीन-चतुर्थांशच लागतो. नव्याने घेताना जवळच्या मापाच्या टाक्या निवडाव्यात, किंवा पाण्याच्या वेगळ्या कड्यात घुमट तरंगेल अशी रचना मागावी. असलेल्या संयंत्रात फटीखाली आत झुकणारी पट्टी बसवून बुडबुडे आत वळवता येतात.

१७. बाहेर पडणारी राडच पाण्याऐवजी परत वापरली तर चालेल का?

निम्म्या प्रमाणात चालेल, आणि पाणीटंचाईच्या गावांत तसे करावेच. जिवाणू टाकीतच राहतात आणि पाणी वाचते. पूर्ण पाणी बदलून राडच घालत राहिलात तर मीठ आणि अमोनिया साठत जातात (प्रश्न १४). राडीत अजून किती गॅस शिल्लक आहे हे पाहण्यासाठी लिटरभर राड बाटलीत भरून, तोंडाला फुगा लावून आठवडाभर उबदार जागी ठेवावी. फुगा लिंबाएवढाही झाला नाही तर पचन चांगले झाले आहे. तो टम्म फुगला तर कचरा अर्धा कच्चा बाहेर पडतो आहे.

१८. ऑनलाइन मिळणारा स्वस्त मिथेन सेन्सर आणि मोबाइल अ‍ॅप लावले तर सगळे आपोआप मोजले जाईल का?

एमक्यू-४ जातीचे स्वस्त सेन्सर हवेतील गळती ओळखण्यासाठी असतात. त्यांची कक्षा हवेच्या एक टक्क्याच्या आसपास संपते, आणि काम करायला त्यांना प्राणवायू लागतो, जो बायोगॅसमध्ये नसतो. टाकीच्या नळीत बसवलेला असा सेन्सर पडद्यावर कोणता तरी आकडा दाखवत राहतो, एवढेच. मिथेनचे टक्के मोजायचे तर अवरक्त किरणांवर चालणारे सेन्सर लागतात आणि ते घरगुती संयंत्राच्या मानाने महाग पडतात. गळतीचा इशारा म्हणून एमक्यू-४ स्वयंपाकघराच्या छताजवळ लावावा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो. आपोआप नोंदवण्यासारखी एकच गोष्ट स्वस्तात आणि भरवशाने होते, ती म्हणजे राडीचे तापमान.

१९. महिनाभर गावी जाणार आहोत. परतल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

लागणार नाही. जिवाणू उपाशी राहून तग धरतात. जाण्यापूर्वी आठवडाभर कचरा कमी करत न्यावा, म्हणजे रिकाम्या घरात गॅस सुटत राहणार नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो, तेव्हा ही काळजी केवळ वासापुरती नाही. परतल्यावर अर्ध्या मात्रेने सुरू करावे आणि पहिले दोन आठवडे प्रश्न ७ मधील सरासरीत धरू नयेत.

२०. आमच्या सोसायटीत रोज शंभर किलोंचे संयंत्र आहे. तेथे हेच निकष लावावेत का?

गुणोत्तर तेच, पण वजाबाकी वाढते. दळणयंत्र, पंप आणि ढवळणी यांच्या विजेचे युनिट वेगळ्या मीटरवर नोंदवावेत. लहान जनित्रावर एका घनमीटर बायोगॅसपासून दीड युनिटच्या आसपासच वीज मिळते, म्हणून रोज ९ घनमीटर गॅस असूनही यंत्रे सात-आठ युनिट खात असतील तर निम्म्याहून अधिक कमाई तेथेच संपली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत कचरा आधी दळून, गरम पाण्यासह हवा असलेल्या टाकीत पचवून मग मुख्य टाकीत सोडतात. अशा दोन टप्प्यांच्या संयंत्रात पहिल्या टाकीचा सामू कमी असणे स्वाभाविक आहे. प्रश्न ११ मधील मर्यादा केवळ दुसऱ्या टाकीला लावाव्यात. आणि शंभर किलो हा आकडा विक्रेत्याच्या पत्रकातला आहे की काट्यावरचा, हे सचिवांना एकदा विचारावे.

२१. जुलैमध्ये ऊब असूनही गॅस का घटतो?

उघड्यावरच्या तरंगत्या संयंत्रात पावसाचे पाणी शिरते हे त्याचे मुख्य कारण. घुमटावर (वरच्या उपड्या टाकीवर) पडलेले पाणीही ओघळून फटीतून आत जाते, म्हणजे बाहेरच्या टाकीचे सगळे तोंड पाऊस गोळा करते. १०४ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत दहा सेंटिमीटर पाऊस म्हणजे ८५ लिटर पाणी, आणि तेवढीच जिवाणूंनी भरलेली राड निर्गम नळीतून बाहेर. कोकणात असे दिवस लागोपाठ येतात. आठवड्याभरात टाकीतल्या जिवाणूंचा मोठा भाग वाहून जातो, आणि पेशी दुप्पट व्हायला काही दिवस घेणारे मिथेन-जिवाणू तो वेगाने भरून काढू शकत नाहीत. घुमटाला टाकीच्या काठाबाहेर चार बोटे येणारी प्लास्टिकची झालर बांधावी, किंवा वर पत्र्याचे छप्पर घ्यावे. छप्पर घेतले तर घुमट पूर्ण वर आल्यावर त्याला लागणार नाही एवढी उंची सोडावी आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. वहीत पावसाळ्यापुरता एक रकाना वाढवून निर्गम नळीतून बाहेर आलेली राड बादलीने मोजावी. ती रोज घातलेल्या कचरा-पाण्यापेक्षा जास्त भरली तर पाणी कोठून तरी आत येते आहे.